पांढऱ्या कार्डावरचं नाव



आज वाचायला बसण्याआधी एक काम करा. कपाटाच्या वरच्या कप्प्यात, घरपट्टीच्या पावत्या आणि जुन्या पासबुकांच्या खाली तुमचं रेशनकार्ड असेल. ते काढा आणि आतल्या पानावर घरातल्या सगळ्या मुलांची नावं आहेत का ते बघा. सुनांचीही बघा. मग पुढचं वाचा.

आमचं कार्ड पांढरं. वर्षाला लाखाच्या वर उत्पन्न असलेल्यांना पांढरं मिळतं, त्याखालच्यांना केशरी आणि पिवळं. आमचं किराणा दुकान, त्यामुळे रेशनचं धान्य आम्ही कधी उचललं नाही. कार्ड म्हणजे पत्त्याचा पुरावा, एवढाच त्याचा उपयोग. माझं आणि माझ्या दोन्ही मुलांचं नाव सासऱ्यांनी स्वतः तहसीलला जाऊन चढवून घेतलं होतं. ते गेल्यावर तिकडं कुणी बघितलंच नाही. धाकट्या जाऊबाई घरात येऊन तीन वर्षं झाली तरी त्यांचं नाव माहेरच्याच कार्डावर होतं. माहेर निपाणीचं, म्हणजे सीमेपलीकडं कर्नाटकातलं. रीतीप्रमाणे पहिलं बाळंतपण माहेरी झालं. नोव्हेंबर २०२३ मध्ये मुलगी झाली. जन्माची नोंद निपाणीलाच झाली, आणि बारसं व्हायचं होतं म्हणून बाळाच्या नावाशिवाय झाली. दाखला आला तो ‘अमक्या-तमक्यांची मुलगी’ असा. तो तसाच प्लॅस्टिकच्या पिशवीत जाऊन पडला.

बाळ दिसायला गोड, पण वजन काही वाढेना. दूध पिता पिता मध्येच थांबायची, धापा टाकायची, कपाळावर घामाचे थेंब. आमच्या सासूबाई, त्यांना आम्ही सगळे आक्का म्हणतो, दोन-तीनदा म्हणाल्या, “हिला एवढा घाम का येतोय ग?” मी म्हणायची, उन्हाळा आहे. पावसाळा आला तरी घाम तसाच होता, आणि मी काय म्हणायची ते आता आठवतही नाही. ऑगस्टमध्ये सर्दी-खोकल्यासाठी नेलं तेव्हा डॉक्टरांनी छातीवर नळी ठेवली आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ ऐकत राहिले. मग सांगलीला इको करायला पाठवलं. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र होतं. याला व्हीएसडी म्हणतात. छोटी छिद्रं पुष्कळदा आपोआप बुजतात, पण हिचं मोठं होतं. फुप्फुसात जास्तीचं रक्त जात होतं, म्हणून धाप आणि म्हणून वजन नाही. येत्या काही महिन्यांत ऑपरेशन करून घ्या, असं सांगितलं. खर्च विचारला तर साडेतीन ते चार लाख.

दुकानाच्या वरच्या मजल्याचं काम नुकतंच झालं होतं, बँकेचा हप्ता चालू होता. माझ्या घरच्या चौघांची आरोग्य विम्याची पॉलिसी होती. भाऊजींनी त्यांची काढली नव्हती. “पुढच्या वर्षी बघू” म्हणता म्हणता तीन वर्षं गेली होती.

भाऊजींनी ओळखीतल्या एका एजंटला बोलावलं. तो आला तो दशलक्षण पर्वाचा तिसरा दिवस, उत्तम आर्जवाचा. सकाळीच बस्तीत प्रवचन झालं होतं. मनात एक, बोलण्यात एक आणि करण्यात तिसरंच असं नसणं, म्हणजे आर्जव. सूर्यास्ताच्या आत जेवणं उरकून, आरती करून आम्ही घरी आलो, तर एजंट फॉर्म घेऊन बसलेला. सगळं ऐकून तो म्हणाला, “सोपं आहे. ‘आधीचा काही आजार आहे का’ विचारलंय, तिथं ‘नाही’ लिहा. इकोचा कागद घरात ठेवून द्या. थोडे महिने थांबा आणि मग नव्यानंच कळलं म्हणून दाखवा. आणि पाच वर्षं झाली की कंपनी काही विचारूच शकत नाही.”

ही पाच वर्षांची गोष्ट अर्धी खरी आहे, हे मला नंतर कळलं. विमा नियामकांच्या २०२४ च्या नियमांप्रमाणे पॉलिसी सलग ६० महिने चालली की जुनी माहिती लपवली या कारणानं कंपनी दावा नाकारू शकत नाही. आधी ही मुदत आठ वर्षं होती. पण जाणूनबुजून केलेली फसवणूक सिद्ध झाली तर ही सवलत मिळत नाही. आधीपासून असलेल्या आजारासाठी कंपनी जास्तीत जास्त ३६ महिने थांबायला लावू शकते, तेही तो आजार फॉर्मवर लिहिलेला असेल तर. लपवलेला आजार दाव्याच्या वेळी उघडा पडला तर पैसे नाहीत आणि पॉलिसीही जाते. त्या रात्री यातलं काहीच आम्हाला ठाऊक नव्हतं. एका शब्दात चार लाख आहेत, एवढंच कळत होतं.

यजमान म्हणाले, “लेकराच्या जिवासाठी एवढं चालतं. एवढी मोठी कंपनी, आपण काय कुणा गरिबाला लुबाडतोय?” भाऊजी गप्प. जाऊबाई माझ्याकडं बघत होत्या. घरातले सगळे फॉर्म मीच भरते, माझं अक्षर बरं म्हणून. आणि मैत्रिणींनो, खरं सांगते, मी पेनाचं टोपण काढलं होतं. सकाळी प्रवचन ऐकून मान डोलावणारी मीच, संध्याकाळी ‘नाही’ लिहायला तयार होते.

आक्का जपमाळ घेऊन कोपऱ्यात बसल्या होत्या. त्यांनी माळ खाली ठेवली आणि म्हणाल्या, “कंपनीचं राहू दे बाजूला. हा म्हणतोय, थोडे महिने थांबा. डॉक्टर म्हणतोय, थांबू नका. खोटं खपावं म्हणून लेकराला थांबवायचं? आणि त्या महिन्यांत काय झालं तर?”

कुणी काही बोललं नाही. आम्ही सगळे पैशाचा हिशेब करत होतो. त्या खोट्याची किंमत आधी बाळाला द्यावी लागणार होती, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. मी ‘हो’ लिहिलं, पुढे व्हीएसडी लिहिलं आणि इकोची झेरॉक्स जोडली.

दहा-बारा दिवसांनी कंपनीचं उत्तर आलं. बाळाला सध्या विमा देता येणार नाही. त्या दिवशी मी देवघरात बसून रडले. रागही आला. एजंटाचा आला, कंपनीचा आला, आणि लपवत नाही, प्रवचनाचाही आला. खरं वागलं की लगेच बरं होतं असं धर्मानं कुठं सांगितलेलं नाही, हे माहीत असून आला.

बस्तीच्या समितीतले दोघे ज्येष्ठ घरी आले. “वर्गणी काढू,” म्हणाले. भाऊजींनी हात जोडून नको म्हटलं. मग एके दिवशी आमच्या गल्लीतल्या अंगणवाडी सेविका दुकानात आल्या. त्यांना कुठून तरी कळलं होतं. त्या मला म्हणाल्या, “वहिनी, तुम्ही बाळाला अंगणवाडीत कधी आणलंच नाही. आमच्याकडं डॉक्टरांचं पथक येऊन गेलं की.”

हे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक. २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच हा कार्यक्रम सुरू झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते, अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत वर्षातून एकदा. जन्मजात दोष, आजार, पोषणातली कमतरता आणि वाढीतला उशीर, या चार गोष्टी बघतात. हृदयाच्या छिद्राचा संशय तिथंच आला असता, कदाचित चार-पाच महिने आधी. आम्ही नेलं नाही, कारण ‘अंगणवाडी आपल्यासाठी नसते’. असं कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. आम्हीच ठरवलं होतं.

त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता पांढरं कार्डही चालतं. माझा विश्वास बसेना. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी नावानं ही योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, तेव्हापासून ती गरिबांची योजना म्हणूनच आम्हाला माहीत. पिवळं आणि केशरी कार्ड असलेल्यांसाठी, वर्षाला दीड लाखापर्यंत. पण २०२३ मध्ये राज्य सरकारनं निर्णय घेतला आणि १ जुलै २०२४ पासून महाराष्ट्रातल्या सगळ्या रेशनकार्डधारक कुटुंबांना, कार्डाचा रंग कुठलाही असो, वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार योजनेतल्या रुग्णालयांत मोफत झाले. त्या वेळी यादीत १३५६ उपचार होते आणि लहान मुलांच्या हृदयाची ऑपरेशन्स त्यात होती. जुलैपासून नियम लागू होता आणि सप्टेंबरात आम्ही फॉर्मवर खोटं लिहायच्या बेतात होतो.

घरी सांगितलं तर भाऊजींचा चेहरा उतरला. “वहिनी, गावात आपलं दुकान आहे. लोक काय म्हणतील, शेट लोक सरकारी योजनेत गेले?” खरं सांगायचं तर माझ्याही मनात होतं, फक्त वेगळ्या शब्दांत. मी म्हणत होते, आपण गरिबांच्या वाट्याचं घेतोय का? ऐकायला हे चांगलं वाटतं. पण नंतर विचार केला तेव्हा कळलं की त्यात निम्मा मानच होता. आपल्या व्रतांत चोरीला ‘अदत्तादान’ म्हणतात, म्हणजे न दिलेलं घेणं. खोटा उत्पन्नाचा दाखला काढून केशरी कार्ड मिळवलं असतं तर ते न दिलेलं घेणं झालं असतं. एजंटाच्या फॉर्मवर ‘नाही’ लिहिलं असतं तर तेही तसंच. पण इथं नियमातच आमचं नाव होतं. आमचं खरं उत्पन्न, खरं कार्ड, खरा आजार सांगून जे मिळतं ते दिलेलं असतं. ते घ्यायला लाज वाटणं याला अपरिग्रह म्हणत नाहीत. आर्जवाच्या आदल्या दिवशी मार्दव असतं, मान सोडण्याचा दिवस. ते प्रवचनही मी ऐकलं होतं.

पण हे सगळं मी बोलायच्या आधीच जाऊबाई बोलल्या. एरवी मोठ्यांसमोर त्या फार बोलत नाहीत. भाऊजींना म्हणाल्या, “लोकांचं मला काही नाही. दूध पिताना ती थांबते ना, ते मला बघवत नाही. उद्या तहसीलला चला.”

आता कागदांची गोष्ट नीट वाचा, कारण आमचा सगळा वेळ तिथंच गेला. योजना महाराष्ट्राची, म्हणून कार्ड महाराष्ट्राचं हवं आणि त्यावर नाव हवं. जाऊबाईंचे भाऊ म्हणाले, तिचं नाव अजून आमच्याच कार्डावर आहे, बाळाचंही इथंच घाला. पण कर्नाटकचे नियम वेगळे. तिथल्या आरोग्य योजनेत बीपीएल कुटुंबाला पाच लाखांपर्यंत पूर्ण उपचार मिळतात, आणि एपीएल कुटुंबाला खर्चाच्या ३० टक्के, तेही वर्षाला दीड लाखापर्यंत. त्यांचं कार्ड एपीएल. शिवाय बाळ राहतं इकडं, तर नाव इकडंच हवं. निपाणी आमच्यापासून काही फार लांब नाही, पण मधली सीमा ओलांडली की त्याच बाळाचा त्याच ऑपरेशनचा हिशेब बदलतो.

म्हणून आधी निपाणीला जाऊन जाऊबाईंचं नाव तिथल्या कार्डावरून कमी केलं आणि तसा दाखला घेतला. बाळाच्या जन्मदाखल्यावर नाव चढवायचं तेही जिथं नोंद झाली तिथंच. जन्म झाल्यापासून १२ महिन्यांच्या आत ते विनाशुल्क होतं, नंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. आमचा अकरावा महिना चालू होता. मग बाळाचं आधार काढलं. पाच वर्षांखालच्या मुलांचं आधार निळं असतं, त्याला बोटांचे ठसे लागत नाहीत, आई किंवा वडिलांच्या आधाराला ते जोडतात. हे सगळं घेऊन तहसीलच्या पुरवठा विभागात माय-लेकींची नावं चढवायला अर्ज दिला. भाऊजींचे निपाणीला दोन आणि तहसीलला तीन हेलपाटे झाले. दर हेलपाट्याला एक दिवस जात होता, आणि बाळ रोज दूध पिताना थांबत होतं.

नावं चढली आणि पुढचं मात्र झरझर झालं. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं. तिथं कार्ड, आधार, जन्मदाखला आणि इको दाखवला. रुग्णालयानं ऑपरेशनची पूर्वपरवानगी मागवली, ती आली आणि डिसेंबरात तारीख मिळाली. जाऊबाईंनी सर्जनना एकच प्रश्न विचारला, छिद्राला जे ठिगळ लावणार ते जनावराचं असतं का? सर्जन हसले नाहीत. कृत्रिम कापडाचंही असतं, जनावराच्या आवरणाचंही असतं, पण हिच्या स्वतःच्याच हृदयावरच्या आवरणाचा तुकडा वापरता येईल, असं त्यांनी समजावलं आणि तसंच केलं. तुमच्यापैकी कुणावर वेळ आली तर हा प्रश्न आधी विचारा, विचारायला लाजू नका.

त्या दिवशी आक्का घरी माळ घेऊन बसल्या होत्या आणि मी दर अर्ध्या तासानं फोन बघत होते. ऑपरेशन नीट झालं. नवव्या दिवशी बाळ घरी आलं. बिलाच्या खिडकीवर आम्हाला एक रुपया भरावा लागला नाही. आधी बाहेर केलेला इको, जाण्यायेण्याचा आणि आमच्या राहण्याचा खर्च मात्र आमचा होता. योजना रोकडरहित आहे. आधी पैसे भरून मागाहून परत मागता येत नाहीत. म्हणून भरती होण्याआधी, निदान भरती होताना तरी, आरोग्यमित्राला गाठा. १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या क्रमांकावर जवळचं योजनेतलं रुग्णालय कुठलं ते सांगतात.

योजना आहे म्हणून विमा नको, असं मात्र मी म्हणणार नाही. योजनेत यादीतलेच उपचार आणि ठरलेलीच रुग्णालयं असतात. खासगी पॉलिसीत बाळाला कधीपासून घेतात ते आधी वाचा. पुष्कळ पॉलिसींत ९१ दिवसांनंतर घेतात, नोकरीच्या ठिकाणच्या काही समूह विम्यांत पहिल्या दिवसापासून असतं. सून गरोदर असतानाच हे विचारून ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटीही गेला आहे. भाऊजींनी यंदा तिघांची पॉलिसी काढली. फॉर्म मीच भरला. बाळाच्या रकान्यात ऑपरेशन लिहिलं, तारीख लिहिली, सगळे कागद जोडले. या वेळी कंपनीनं घेतलं, हृदयासाठी थांबण्याची मुदत घालून. ती आम्हाला मान्य आहे.

भाऊजींना अजूनही कधी कधी वाटतं की लोक बोलत असतील. बोलत असतीलही. पण समितीनं वर्गणीचं विचारलं होतं ना, तिथं या वर्षी भाऊजी स्वतःहून गेले. म्हणाले, पैसे काढूच, पण ज्यांना योजना पुरत नाही त्यांच्या जाण्यायेण्याच्या आणि राहण्याच्या खर्चाला ठेवू. आणि दर रविवारी स्वाध्यायानंतर बस्तीच्या ओसरीवर मी आणि जाऊबाई कार्ड बघायला बसतो. तुमच्या-माझ्यासारख्या बायका पिशवीतून कार्ड काढतात, उघडतात आणि म्हणतात, “अगबाई, धाकट्याचं नावच नाही की!” निम्म्याहून जास्त कार्डांवर कुणाचं ना कुणाचं नाव नसतं. बहुतेक वेळा ते सुनेचं नाहीतर शेवटच्या मुलाचं.

आमचं बाळ आता दोन वर्षांचं होतंय. दुकानातल्या खालच्या फळीवरची बिस्किटं ओढून काढतं आणि आक्का मागून पळतात. दूध एका दमात पितं. जाऊबाई अजून ते बघत उभ्या राहतात.

कार्ड बघितलंत का? नसेल तर आज बघा. नाव नसेल तर उद्या तहसीलला जा.

जय जिनेंद्र.